पुस्तक चाळिसाव्या पानाशी अडते: कारणे, तपासणी आणि उपाय

आपण एखादे पुस्तक हौसेने आणतो, शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी त्याची तीस-चाळीस पाने एका बैठकीत वाचतो, ती आवडतातही, आणि सोमवारपासून ते पुस्तक उशाशी पडून राहते. पुढच्या रविवारी पाहुणे येतात, त्याच्या पुढच्या रविवारी मुलांच्या परीक्षेची तयारी असते, आणि महिनाभराने पुस्तक उघडले की खुणेच्या पानावरचा प्रसंग कोणाच्या घरात घडतो आहे, बोलणारी बाई नायकाची आत्या आहे की सासू, हेच आठवेनासे होते. मग सवडीने पहिल्यापासून वाचू असे ठरवून ते कपाटात जाते. काही दिवसांनी दुसरे पुस्तक येते आणि तेही त्याच पानांच्या आसपास अडते. कारण विचारले तर उत्तर बहुतेकांचे एकच असते: वाचायला वेळच मिळत नाही.

ही तक्रार खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि घरातील वृद्धांची देखभाल यांतून सलग दोन तास काढणे बहुतेकांना जमत नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही आवडीचे वाचन ज्या ठिकाणी अडते ते पाहिले, तर एकूण वेळेच्या कमतरतेपेक्षा दोन बैठकींमधील वाढलेले अंतर हे कारण मला अधिक वेळा दिसते. कादंबरी वाचणारा माणूस पात्रांची नावे, त्यांची नातीगोती, घराची रचना, कोणी कोणापासून काय लपवले आहे, असे पुष्कळ काही मनात धरून पुढे जात असतो. एका दिवसाच्या खंडानंतर हे सारे दोन-चार ओळींत जागे होते. दहा दिवसांच्या खंडानंतर पहिली दहा-पंधरा मिनिटे केवळ आठवण्यात जातात. ज्याच्या हाती वीसच मिनिटे आहेत, त्याच्या वाट्याला मग आठवण्याचे कष्ट येतात आणि वाचण्याचा आनंद येत नाही, आणि पुढच्या वेळी हात पुस्तकाकडे न जाता फोनकडे जातो. पेशवाईवरील ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर हा त्रास दुप्पट होतो, कारण त्या घराण्यात बाजीराव दोन, माधवराव दोन आणि बाळाजीही दोन आहेत, आणि आठवड्याभराच्या खंडानंतर समोरचे पान कोणाच्या कारकिर्दीतले आहे, इथपासून सुरुवात करावी लागते.

उपायाकडे वळण्यापूर्वी

दोन शक्यता आधी बाजूला काढाव्यात, कारण त्या असताना बाकीचे उपाय व्यर्थ जातात.

पहिली शक्यता डोळ्यांची आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊ लागते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. फोनवर अक्षरे मोठी करता येत असल्यामुळे ही गोष्ट पुष्कळ दिवस लक्षातच येत नाही. छापील पुस्तक मात्र हातभर लांब धरावे लागते, संध्याकाळी ओळी पुसट दिसतात, अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते, आणि माणूस समजतो की आपली वाचनाची गोडीच गेली. देवनागरीत वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील अर्धी अक्षरे मुळातच बारीक असतात, आणि जुन्या स्वस्त आवृत्त्यांचा ठसा तर आणखी बारीक असतो. त्यामुळे चाळिशी पार केलेल्या आणि अलीकडे वाचनाचा कंटाळा येऊ लागलेल्या प्रत्येकाने प्रथम नेत्रतपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचबरोबर प्रकाशही पाहावा. आपल्याकडच्या खोल्यांत ट्यूबलाइट भिंतीवर उंच असते. पलंगावर तिच्याकडे पाठ करून बसले की डोक्याची सावली पानावर पडते. खांद्याच्या मागून पानावर प्रकाश टाकणारा साधा टेबललॅम्प हा वाचनासाठी करण्यासारखा पहिला खर्च आहे, नवे पुस्तक त्यानंतर घ्यावे.

दुसरी शक्यता अशी की पुस्तकच आपल्यासाठी योग्य नाही. पुरस्कार मिळाला म्हणून, कोणी भेट दिले म्हणून, ग्रंथप्रदर्शनात सवलत होती म्हणून, किंवा आपल्या वर्तुळात सगळ्यांनी वाचले आहे म्हणून आणलेले पुस्तक कर्तव्यभावनेने हाती घेतले जाते, आणि कर्तव्य म्हटले की मन त्याला टाळते. अंतर हे कारण आहे की पुस्तक, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. अडलेल्या पुस्तकाची पाच-सहा पाने आज वाचावीत आणि पुढची पाच-सहा उद्याच वाचावीत. दुसऱ्या दिवशी मजकूर सहज उलगडू लागला आणि पुढे काय होते याची उत्सुकता वाटली, तर पुस्तक चांगले आहे आणि दोष अंतराचा होता. लागोपाठ तीन दिवस वाचूनही ओढ वाटली नाही, तर ते पुस्तक निःसंकोचपणे परत करावे किंवा कोणाला देऊन टाकावे. आवडीसाठी वाचणाऱ्यावर कोणतेही पुस्तक पूर्ण करण्याचे बंधन नसते, आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दलची अपराधी भावना हेच पुढचे पुस्तक न उघडण्याचे एक मोठे कारण असते.

मुख्य उपाय: अंतर एका दिवसावर आणणे

महाराष्ट्रात पुस्तकाशी रोजचा संबंध ठेवण्याची एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे पोथीवाचन. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या सप्ताहात सात दिवसांत वाचून होतात. चातुर्मासात रोज एक अध्याय वाचणारी माणसे आजही घरोघरी आहेत, आणि त्यांतील कित्येकांना इतर वेळी पुस्तक हातात धरायला सवड नसते. त्यामागे श्रद्धा आहे हे खरेच. पण ज्या व्यवस्थेमुळे ते वाचन तडीस जाते ती व्यवस्था कोणालाही घेता येण्यासारखी आहे. जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, पोथी त्या जागीच ठेवलेली असते, आणि घरातील सर्वांना ठाऊक असते की या वेळी हाक मारायची नाही. आवडीच्या वाचनासाठी या चारही गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात. सप्ताहातली एक गोष्ट मात्र सोडून द्यावी, ती म्हणजे ठरलेला भाग पूर्ण करण्याचा नेम. पारायणात तो आवश्यक आहे; कादंबरीत तो लावला की दिवस खराब गेल्यावर पाने थकतात, थकलेली पाने पुढच्या दिवसावर चढतात आणि वाचन थकबाकीसारखे डोक्यावर बसते.

म्हणून नेम पानांचा नसावा, रोज पुस्तक उघडण्याचा असावा. दहा मिनिटे मिळाली तर दहा, पाच मिळाली तर पाच. आपला वेग प्रत्येकाने एकदा घड्याळ लावून पाहावा, कारण दहा मिनिटांत किती पाने होतात याचा आपला अंदाज बहुधा कमीच असतो. हिशेब अगदी साधा आहे. रोज दहा पाने वाचणाऱ्याची तीनशे पानांची कादंबरी महिन्याभरात संपते. दर रविवारी सत्तर पाने वाचण्याचा संकल्प केला तरी कागदावर तेवढीच पाने होतात. परंतु रोजच्या वाचनातला एक दिवस हुकला तर दोन बैठकींत दोन दिवसांचे अंतर पडते, आणि एक रविवार हुकला तर चौदा दिवसांचे. कुटुंब असलेल्या माणसाचा एखादा रविवार हुकणारच, हे गृहीत धरून चालावे लागते, आणि म्हणूनच रविवारवर अवलंबून असलेले वाचन पुन्हा पुन्हा मोडते.

बैठक सुरू करताना मागील दीड-दोन पाने पुन्हा वाचावीत. यात वेळ वाया जातो असे वाटते, प्रत्यक्षात तो वाचतो, कारण आठवण्याचे काम आपोआप होते. बैठक संपवताना प्रकरणाच्या शेवटी थांबू नये. प्रकरण संपले की मनाला एक समाधान मिळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा लागतो. प्रसंग ऐन रंगात असताना, संवादाच्या मध्ये खूण घालून थांबले, तर पुढचे वाक्य वाचण्याची ओढ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. पात्रे पुष्कळ असतील तर खुणेसाठी कोऱ्या कागदाची पट्टी वापरावी आणि तिच्यावर नावे व नाती पेन्सिलीने लिहून ठेवावीत. पुस्तकाच्या आरंभी वंशावळ दिलेली असेल, तर तिच्या पानावर दुसरी खूण घालून ठेवावी.

वेळ कोणती निवडावी, याबाबत रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांत आधी सुचते आणि अनेकांच्या बाबतीत तीच सर्वांत आधी फसते, कारण दिवसभर राबलेल्या माणसाला आडवे होऊन वाचताना दुसऱ्याच पानावर झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाचे काही आठवत नाही. रात्र फसत असेल तर सकाळचा चहा, मुलांच्या शिकवणीच्या वर्गाबाहेर थांबण्याची वेळ, दवाखान्यातील किंवा बँकेतील रांग, दुपारच्या जेवणानंतरचा अर्धा तास, यांपैकी जी वेळ आठवड्यातून किमान पाच दिवस येते ती धरावी. तिचे रोज येणे महत्त्वाचे आहे, लांबी फारशी नाही.

फोन

फोनचे काय करावे, हे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर उपदेश पुष्कळ होतो आणि उपयोग कमी होतो. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही सोय २०१८ पासून आलेली आहे. तिथे दिसणारा एकूण तासांचा आकडा पाहून खंत करण्यापेक्षा, दिवसातील कोणत्या तासाला फोन सर्वाधिक उघडला जातो ते पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत एखादा तास स्पष्टपणे उंच दिसतो, आणि वाचनाची वेळ तिथेच सापडते. त्या वेळी फोन उलटा ठेवून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. गजरासाठी तो उशाशी लागत असेल तर गजराचे साधे घड्याळ आणावे. वाचताना अडलेला शब्द लगेच फोनवर पाहण्याची सवयही मोडावी. शब्दाखाली पेन्सिलीची खूण करून पुढे जावे आणि अर्थ नंतर पाहावा, कारण शब्द पाहायला उचललेला फोन त्या शब्दापाशी थांबत नाही.

घरातील माणसे

ही अडचण बायकांना अधिक भोगावी लागते आणि ती उघडपणे मांडलीही जात नाही. घरातील पुरुष वर्तमानपत्र वाचत बसला तर तो कामात आहे असे समजले जाते. बाई कादंबरी घेऊन बसली तर ती रिकामी आहे असे समजून तिला चहा सांगितला जातो, कपाटातील वस्तू विचारली जाते, फोन तिच्याकडे दिला जातो. इथे उपाय वाचणाऱ्या बाईने करायचा नसून घराने करायचा आहे. वेळ ठरवून ती सर्वांना सांगावी, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत येणारे काम दुसऱ्या कोणी तरी उचलावे, हे आधी बोलून घ्यावे. घरात एकाच वेळी सर्वांनी आपापले पुस्तक घेऊन बसण्याची प्रथा पाडता आली तर उत्तमच, कारण त्यामुळे मुलांना वाचा म्हणून सांगण्याची गरजही कमी होते. लहान मूल असलेल्या घरी मात्र पहिली दोन वर्षे सलग कादंबरीचा हट्ट धरू नये. कविता, लघुकथा, ललित लेख आणि पत्रसंग्रह यांच्यावर भर द्यावा, कारण तिथे दोन बैठकींतील अंतराने काही बिघडत नाही.

प्रवास

कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरारहून मुंबईत कामाला जाणाऱ्यांचे रोजचे दोन तास आणि अनेकदा त्याहून अधिक वेळ लोकलमध्ये जातो, त्यामुळे त्यांच्यापुरता तरी वाचनाचा प्रश्न सुटायला हवा, असे बाहेरच्या माणसाला वाटते. गर्दीच्या वेळी एक हात कडीला आणि दुसऱ्यात जाडजूड पुस्तक, हे शक्य नसते, हे रोज जाणाराच सांगू शकतो. उभ्याने वाचायचे असेल तर पातळ, एका हातात मावणारे आणि पाठीच्या बांधणीवर उघडे राहणारे पुस्तक घ्यावे, किंवा किंडलसारखे वाचनयंत्र घ्यावे, ज्याचे पान अंगठ्याने उलटते आणि अक्षर मोठे करता येते. अगदीच चेंगराचेंगरी असेल तर श्राव्य पुस्तक हा चांगला पर्याय आहे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठीतही चांगल्या वाचकांनी वाचलेली पुस्तके मोठ्या संख्येने मिळू लागली आहेत. ऐकणे हे वाचन नव्हे, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. तरीही एक सूचना करावीशी वाटते: छापील कादंबरी घरी आणि वेगळी श्राव्य कादंबरी गाडीत, असे दोन्ही एकदम सुरू ठेवू नये. शक्य असेल तर तेच पुस्तक दोन्ही रूपांत घ्यावे, म्हणजे गाडीत ऐकलेल्या भागापासून घरी पुढे वाचता येते आणि अंतर आणखी घटते.

ग्रंथालय आणि दिवाळी अंक

विकत घेतलेल्या पुस्तकाला परतीची तारीख नसते, आणि ते अडण्याचे हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे: रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता व अनुदान मिळणारी लहानमोठी वाचनालये तालुक्यांच्या गावांतही आहेत. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरून तिथले सभासद व्हावे. पुस्तक ठरावीक दिवसांत बदलून आणायचे आहे, या जाणिवेने ते रोज उघडले जाते. शिवाय नावडलेले पुस्तक परत करताना पैसे वाया गेल्याची टोचणी राहत नाही. ग्रंथपालांशी बोलावे, आपल्याला आधी काय आवडले ते सांगावे. अनुभवी ग्रंथपालाने काढून दिलेले पुस्तक सहसा चुकत नाही.

दिवाळी अंकांचे दुखणे निराळे आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा अखंड चालू आहे, आणि हौसेने घेतलेले चार-पाच अंक पुढच्या दिवाळीपर्यंत निम्मे न वाचलेले राहणे, ही तिची जोडीदार परंपरा म्हणावी लागेल. अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा असतो, हा समज इथे आड येतो. अंक घरी आल्याच्या दिवशीच अनुक्रमणिका घेऊन बसावे, खरोखर वाचावेसे वाटणारे चार-पाच मजकूर पेन्सिलीने खुणावेत, आणि तेवढे झाले की अंक वाचून झाला असे मानून दुसऱ्याला द्यावा. ज्यांचे दिवस अनियमित आहेत, म्हणजे पाळीची नोकरी करणारे, डॉक्टर, पोलीस, फिरतीवर असणारे, त्यांना वर्षभरासाठी दिवाळी अंकांसारखे सोयीचे वाचन दुसरे नाही. अनेक वाचनालये एकदाच शुल्क घेऊन काही महिने दिवाळी अंक बदलून नेण्याची योजना चालवतात, तिचाही लाभ घ्यावा.

महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात राहणाऱ्यांची, तसेच इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची अडचण अनेकदा वेगाची असते. मराठी पान इंग्रजी पानापेक्षा सावकाश होते, आणि त्यामुळे पुस्तक कंटाळवाणे वाटते. हा वेग सरावाने वाढतो. लहानपणी वाचलेले एखादे पुस्तक पुन्हा वाचणे हा त्यासाठी उत्तम मार्ग आहे, कारण कथा ठाऊक असल्यामुळे अडखळले तरी धागा सुटत नाही. पुस्तके मिळण्याचा प्रश्न असेल तर चार-पाच कुटुंबांनी मिळून एक पेटी करावी आणि ती आलटून पालटून फिरवावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातील पेट्या याच तत्त्वावर परदेशातही गेल्या आहेत.

समस्या पुन्हा उद्भवल्यास

ती उद्भवतेच. गणपती, घरातील लग्न, आजारपण, मार्चअखेरचे काम, यांत पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो, आणि त्यानंतर काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. खंड आठवड्याच्या आत असेल तर चालू प्रकरणाच्या आरंभापासून वाचावे. खंड त्याहून मोठा असेल तर वाचून झालेल्या प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान चाळून मग पुढे जावे. एवढ्याने बहुतेक सारे आठवते. पुस्तक संपूर्णपणे पहिल्यापासून वाचण्याचा निश्चय शक्यतो करू नये, कारण वाचलेलीच पाने पुन्हा वाचताना ओढ नसते आणि पुस्तक त्याच चाळिसाव्या पानाशी पुन्हा अडते. दोन-तीन महिने उलटले असतील तर ते पुस्तक सध्यापुरते बाजूला ठेवून एखाद्या लघुकथासंग्रहाने आरंभ करावा आणि रोज उघडण्याची सवय परत बसली की त्याच्याकडे वळावे.

खंड पडण्याची आणखी एक जागा आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोठे, मनाला भिडलेले पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवस दुसरे काही वाचावेसे वाटत नाही, आणि ते दोन-तीन दिवस बघता बघता दोन-तीन महिने होतात. म्हणून चालू पुस्तकाची शेवटची पन्नास पाने उरली असतानाच पुढचे पुस्तक आणून त्याच ठरलेल्या जागी ठेवावे, आणि पहिले संपेल त्याच बैठकीत दुसऱ्याची दोन पाने वाचून त्यात खूण घालावी.